‘तुला दुखावलं तर शपथ’: अर्धं वाक्य, पूर्ण वचन

आजचा शास्त्रपाठ: उत्पत्ती 26:26–33
सोबत वाचा: रूथ 1:16–17, स्तोत्र 7:3–5, मत्तय 5:33–37



‘आय वुड नेव्हर हर्ट यू.’ हे वाक्य आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी टाइप केलेलं असतं. भांडण झालं, समोरचा गप्प झाला, ब्लू टिक आली पण उत्तर नाही, की हे वाक्य जातं. मराठीत बोलणारी माणसंसुद्धा हे इंग्रजीत पाठवतात. इंग्रजीत ते जरा सोपं वाटतं, अंगावर येत नाही.

आजच्या अभ्यासात हेच वाक्य जुन्या कराराच्या हिब्रूत न्यायचा प्रयत्न करू. हा भाषेचा खेळ वाटेल, पण शेवटपर्यंत या. उत्पत्तीच्या 26व्या अध्यायात विहिरींवरून भांडलेली दोन माणसं समोरासमोर बसतात आणि नेमकं याच विषयावर बोलतात: ‘तू आम्हांला इजा करणार नाहीस ना?’ ते हे ज्या पद्धतीने म्हणतात ती पद्धत इंग्रजी बायबलात दिसत नाही. मराठीत मात्र ती अजून जिवंत आहे.

आधी इंग्रजी वाक्य उघडून बघू

‘वुड’ हा अटीचा शब्द आहे. त्याच्या मागे कुठेतरी ‘इफ’ असायला हवं. अमुक झालं तर मी तमुक करेन, किंवा करणार नाही. ‘आय वुड नेव्हर हर्ट यू’ या वाक्यात ‘इफ’ कुठे आहे? नाहीच. राग आला तर? नोकरी गेली तर? घरचे विरोधात गेले तर? तुझ्यापेक्षा माझी गरज मोठी झाली तर? वाक्य काहीच सांगत नाही. निकाल तेवढा मोठ्या आवाजात सांगितला जातो आणि अट गिळली जाते.

मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे हे मला लगेच खटकतं. ज्या फंक्शनचा निकाल लिहिलाय पण अटी लिहिल्या नाहीत, ते डेमोत छान चालतं. खरा डेटा आला की कोसळतं.

आता हिब्रूची गंमत बघा. बायबलातला शपथ घेणारा माणूस बरोबर याच्या उलट करतो. तो अट मोठ्याने बोलतो आणि निकाल गिळतो.

हिब्रूतले तीन ‘जर’

इंग्रजीत एकच ‘इफ’ सगळीकडे चालतं. हिब्रूत न्यायचं तर आधी ठरवावं लागतं, कुठला ‘जर’?

पहिला, कायद्यातला ‘जर’. निर्गम 21व्या अध्यायात इजेचे नियम आहेत. तिथे मुख्य प्रकरण ‘की’ या शब्दाने सुरू होतं (उच्चार आपल्या ‘की’सारखाच) आणि त्याच्या आतली पोटप्रकरणं ‘इम्’ने. बैलाने माणसाला शिंग मारलं आणि माणूस मेला, हे मुख्य प्रकरण. त्यात मालक सुटतो. पण बैल आधीपासूनच मारका असेल, मालकाला तसं सांगूनही त्याने तो बांधून ठेवला नसेल, तर हे पोटप्रकरण, आणि इथे मालक सुटत नाही. नेस्टेड इफ म्हणतात ते हेच. ही खरीखुरी अट आहे: असं घडू शकतं, घडलं तर हे करा.

दुसरा, न घडलेल्या गोष्टीचा ‘जर’. त्याला हिब्रूत ‘लू’ हा वेगळा शब्द आहे. शास्ते 13:23 मध्ये शमशोनाचे आईबाप देवदूताला पाहून घाबरतात. मानोहा म्हणतो, आता आपण मरणार. त्याची बायको शांतपणे हिशेब मांडते: देवाला आपल्याला मारायचंच असतं तर त्याने आपलं अर्पण घेतलं नसतं. मराठीतलं ‘असतं तर… नसतं’ इथे चपखल बसतं, कारण मराठीसुद्धा हा ‘जर’ क्रियापदातच वेगळा दाखवते. ‘मारेल तर’ आणि ‘मारायचं असतं तर’ यांत आपला कधी गोंधळ होत नाही.

तिसरा, शपथेतला ‘जर’. यासाठी परत ‘इम्’ हाच शब्द वापरतात, पण अर्थ उलटा होतो. आणि आपलं वाक्य इथेच राहतं.

शपथेतला ‘जर’ कसा चालतो

पूर्ण शपथेचे दोन भाग असतात. एक, मी अमुक केलं तर. दोन, माझं असं असं वाईट होवो. स्तोत्र 7 मध्ये दावीद दोन्ही भाग बोलतो. माझ्या हातून अन्याय झाला असेल, माझ्याशी सलोख्याने राहणाऱ्याचं मी वाईट केलं असेल, तर शत्रूने मला गाठावं आणि मातीत तुडवावं, असा त्याचा आशय. ईयोब 31:21–22 मध्ये ईयोब म्हणतो की मी अनाथावर हात उगारला असेल तर माझा खांदाच निखळून पडो. स्तोत्र 137 मध्ये बाबेलातले बंदिवान म्हणतात, यरुशलेमेला विसरलो तर उजवा हात निकामी होवो, जीभ टाळूला चिकटो. आपल्या गावाकडचं ‘हात झडो, जीभ झडो’ आठवलं ना?

पण बऱ्याच ठिकाणी दुसरा भाग सांकेतिक होतो. रूथ नामीला म्हणते ते बघा. मरणाशिवाय कशाने मी तुझ्यापासून वेगळी झाले तर परमेश्वर माझं ‘असं’ करो आणि त्याहून ‘जास्त’ करो. ‘असं’ म्हणजे कसं? ते रूथ सांगत नाही. 2 शमुवेल 3:35 मध्ये दावीदही सूर्य मावळण्याआधी अन्न चाखणार नाही, हे याच ‘असं आणि जास्त’च्या साच्यात सांगतो. बरेच अभ्यासक मानतात की ‘असं’ म्हणताना हाताने काही खूण केली जात असावी, कदाचित गळ्याकडे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे ‘गळ्याशपथ’ हा शब्दच आहे, आणि शाळेतली पोरं तो म्हणताना गळ्याची कातडी चिमटीत धरतात.

तिसऱ्या पायरीला दुसरा भाग पूर्णच गळून जातो. उरतो फक्त ‘जर’. ‘मी तुला इजा केली तर…’ आणि वाक्य संपलं. ऐकणाऱ्याला कळतं की याचा अर्थ ‘मी तुला इजा करणारच नाही’. त्याच नियमाने ‘जर नाही’, म्हणजे ‘इम् लो’, याचा अर्थ होतो ‘नक्की करणारच’.

मराठीत हे जसंच्या तसं आहे. ‘दिवसभर एक घास खाल्ला असेल तर शपथ!’ याचा अर्थ काय? एकही घास खाल्ला नाही. ‘एक शब्द बोलेल तर शपथ!’ म्हणजे अवाक्षर बोलत नाही. वाक्यात ‘नाही’ कुठेच नाही, तरी नकार पक्का आहे, उलट साध्या ‘नाही’पेक्षा जास्त पक्का. व्याकरणाच्या वर्गात न बसताही आपल्या आज्यांनी हिब्रूची ही रचना रोज वापरली आहे.

म्हणून ‘आय वुड नेव्हर हर्ट यू’ जुन्या हिब्रूत न्यायचं तर ‘वुड’ला शब्दकोशात शोधून उपयोग नाही. वाक्य उलटं करावं लागतं. ‘कधीच नाही’ काढा आणि ‘जर’ आणा. मग मराठीत त्याचं रूप होईल: ‘तुला दुखावलं तर शपथ.’ आजच्या बोली हिब्रूत ‘इम्’ हा रोजचा साधा ‘जर’ आहे. त्यामुळे तेल अवीवमधल्या मित्राला नुसतं ‘मी तुला इजा केली तर’ एवढंच पाठवलंत, तर तो पुढच्या वाक्याची वाट बघत बसेल.

इंग्रजीची अडचण

भाषांतर करणाऱ्यांना हा ‘जर’ चांगलाच नडला आहे. स्तोत्र 95:11 मध्ये देव रागाने शपथ घेतो. शब्दशः ते आहे, ‘ते माझ्या विसाव्यात आले तर…’. अर्थ, ते येणार नाहीत. इब्री लोकांस पत्राच्या लेखकाने हे स्तोत्र ग्रीकमध्ये उद्धृत करताना तो ‘जर’ तसाच ठेवला. मग 1611 च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात काय झालं? इब्री 3:11 मध्ये त्यांनी ‘येणार नाहीत’ असं नीट केलं, आणि 4:3 व 4:5 मध्ये त्याच शब्दांचं ‘आले तर’ असं शब्दशः केलं. एकाच पत्रात, एका पानाच्या अंतरावर, एकच शपथ दोन तऱ्हांनी. फक्त चौथा अध्याय वाचणाऱ्याला वाटावं की देवाने दार थोडं उघडं ठेवलंय!

मार्क 8:12 मध्येही असंच. परूशी चिन्ह मागतात. प्रभू येशू उसासा टाकतो आणि ग्रीक मजकुरात शब्दशः म्हणतो, या पिढीला चिन्ह दिलं जाईल तर… भाषांतरांत ते ‘दिलं जाणार नाही’ असं येतं. अर्थ बरोबरच आहे. पण बोलणाऱ्याचा सूर हा शपथेचा आहे, हे हरवतं.

उत्पत्ती 26:29 चंही तसंच. मूळात ‘तू आमचं वाईट केलंस तर’ अशी अट आहे. इंग्रजीत ती ‘तू आमचं वाईट करणार नाहीस’ अशी साधी हमी होते. हमी आणि शपथ यांत फरक असतो. हमी देणारा समोरच्याबद्दल बोलतो. शपथ घेणारा स्वतःचा गळा मध्ये आणतो.

हिब्रू मराठीच्या ओसरीवर

हिब्रू आणि मराठीची ओळख तशी जुनी आहे. कोकणातले बेने इस्राएल लोक घरात मराठी बोलत आणि प्रार्थना हिब्रूत करत. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी मुंबईत 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. त्याच समाजातले जोसेफ एझिकेल राजपुरकर मुंबईत शिक्षक होते. त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू आणि मराठी अशी एकत्र छापली गेली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एखाद्या घरात, ताटाभोवती बसून, एकाच पुस्तकातून दोन्ही भाषा वाचल्या जात होत्या.

आणि पंडिता रमाबाई. संस्कृतच्या पंडिता असलेल्या या बाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला, तो अख्खं बायबल मुळातून मराठीत आणण्यासाठी. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी कितीतरी मुलींना आणि बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आणलं. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. खेड्यातून आलेल्या, फारसं न शिकलेल्या बायकांना वाचता येईल अशी सोपी मराठी रमाबाईंना हवी होती. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. भाषांतराचं काम तोवर हातावेगळं झालं होतं, आणि पूर्ण बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

मला यातून एवढंच सुचवायचंय की देवाचं वचन समजायला इंग्रजीच्या दारातूनच जावं लागतं असं नाही. काही ठिकाणी आपल्या स्वयंपाकघरातली मराठी मुळाच्या जास्त जवळ असते.

आता विहिरीपाशी चला

उत्पत्ती 26 ची गोष्ट थोडक्यात अशी. दुष्काळ पडतो, इसहाक गरारमध्ये पलिष्ट्यांचा राजा अबीमलेख याच्या मुलखात राहतो. त्याला शंभरपट पीक येतं, गुरंढोरं वाढतात, आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांत तो खुपायला लागतो. ते काय करतात? त्याच्या अंगाला हात लावत नाहीत. त्याच्या बापाने, अब्राहामाने, खणलेल्या विहिरी मातीने बुजवतात. मग राजा सांगतो, आता तू इथून जा.

इसहाक खोऱ्यात सरकतो, विहीर खणतो, तिथले गुराखी म्हणतात पाणी आमचं. तो तिचं नाव ठेवतो एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणतो, तिच्यावरूनही तेच. तिचं नाव सिटना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडत नाही. तिचं नाव रहोबोथ, ऐसपैस जागा. मग तो बैर-शेबाला जातो.

आणि तिथे अबीमलेख स्वतः येतो. सोबत सल्लागार अहुज्जाथ आणि सेनापती पीकोल. इसहाक सरळ विचारतो: तुम्ही माझा द्वेष केलात, मला हाकललंत, आता कशाला आलात? ते म्हणतात, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे हे आम्ही पाहिलंय, आपण शपथ घेऊ. इथे शपथेसाठी जो हिब्रू शब्द आहे तो ‘आला’ (आपल्या ‘आला-गेला’तला नव्हे). त्याचे अर्थ दोन: शपथ आणि शाप. एकाच शब्दात दोन्ही. शपथ मोडली तर ती उलटून स्वतःवर शाप होऊन येते, असा तो करार.

मग ती अट येते: तू आमचं वाईट केलंस तर… जसं आम्ही तुला ‘हात लावला नाही’. इथलं क्रियापद ‘नागा’, म्हणजे स्पर्श करणे. याच अध्यायाच्या 11व्या वचनात अबीमलेखाने हुकूम काढला होता की या माणसाला किंवा त्याच्या बायकोला जो हात लावेल तो मरेल. त्याने हुकूम पाळला, खरंच कोणी बोट लावलं नाही. म्हणून तो निवांतपणे म्हणू शकतो की आम्ही तुझं फक्त भलंच केलं.

पण विहिरी?

हा प्रश्न मला या पाठात सगळ्यांत जास्त टोचतो. अबीमलेखाच्या इजेच्या व्याख्येत अंगाला लावलेला हात येतो, बुजवलेलं पाणी येत नाही. तो खोटं बोलत नाही. त्याची व्याख्याच सोयीची आहे.

पाणी बुजवणं म्हणजे काय, हे आम्हांला माहीत आहे

भंडारा हा तलावांचा जिल्हा. वैनगंगा आहे, गोसीखुर्दचं धरण आहे, पण गावोगावची धानाची शेती पिढ्यान्‌पिढ्या तगली ती लहानमोठ्या तलावांवर. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधायला घेतले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले, पण पाण्याची पाळी कोणाची, यावरची कुरबुर काही संपली नाही.

रोवणीच्या दिवसांत पाऊस दडी मारतो तेव्हा तलावाचं पाणी एकेका बांधीत फिरवतात. रात्री कोणी शेजाऱ्याच्या बांधीकडे जाणारं पाणी चिखलाचा गोळा लावून वळवलं, तर त्याने शेजाऱ्याला हात लावला का? नाही. शिवी दिली का? नाही. सकाळी भेटल्यावर ‘राम राम’ही करेल. पण शेजाऱ्याची रोवणी गेली, आणि धानात रोवणी गेली म्हणजे वर्ष गेलं.

शहरात आपल्याकडे बांधी नाही, पण विहिरी आहेत. टीममधल्या नव्या मुलीला मीटिंगच्या मेलमधून हळूच वगळणं. मित्राचं नाव पुढे येत असताना त्याच्याबद्दल ठरवून गप्प बसणं. घरात भांडण झालं की चार दिवस अबोला धरणं आणि वर ‘मी तर काहीच बोललो नाही’ असं म्हणणं. जोडीदाराच्या माहेरच्यांचे फोन ‘विसरून’ जाणं. यातल्या प्रत्येकाला आपण छातीवर हात ठेवून सांगू शकतो की मी तुला कधी दुखावलं नाही. अबीमलेखासारखंच, खोटं न बोलता.

म्हणूनच गिळलेली अट परत बाहेर काढावी लागते. ‘तुला दुखावलं तर शपथ’ असं म्हटलं की पहिला प्रश्न उभा राहतो: दुखावणं म्हणजे काय काय? आणि याचं उत्तर मी एकट्याने ठरवायचं की ज्याची विहीर बुजली त्यालाही विचारायचं?

इसहाकाने काय केलं

इसहाक त्यांना दुरुस्त करत बसत नाही. ‘विहिरींचं काय?’ असं तो 29व्या वचनानंतर विचारत नाही. द्वेषाचा प्रश्न त्याने आधीच, तोंडावर विचारून झालाय. लपवून ठेवलेला राग नाही, म्हणून मग तो जेवण घालू शकतो. रात्री सगळे जेवतात, पहाटे उठून एकमेकांना शपथ देतात, आणि ते शांतीने जातात. त्याच दिवशी त्याचे चाकर येऊन सांगतात, पाणी लागलं! त्या विहिरीचं नाव तो ठेवतो शिबा. हिब्रूत ‘शेवुआ’ म्हणजे शपथ, ‘शेवा’ म्हणजे सात, आणि ‘बेएर’ म्हणजे विहीर. अब्राहामाच्या वेळी, उत्पत्ती 21 मध्ये, याच जागी सात मेंढ्या देऊन अशीच शपथ झाली होती, तीही विहिरीवरूनच, आणि तिथेही तोच अर्धा ‘जर’ आहे. बापाच्या पिढीचं भांडण आणि बापाच्या पिढीची शपथ, दोन्ही मुलाच्या वाट्याला आली. त्याने शपथ पुढे नेली.

नुसतं ‘सोडून दे’ म्हणणं आणि इसहाकाने केलं ते यांत फरक आहे. त्याने आधी इजा झाल्याचं नाव घेतलं, मग शपथेला बसला.

पण मग शपथ घ्यायची का?

मत्तय 5:33–37 मध्ये प्रभू म्हणतो, शपथ घेऊच नका, तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या. हे वाचून काहींना वाटेल की मग वरचा सगळा अभ्यास वाया गेला. मला तसं वाटत नाही. प्रभू आपल्याला ‘आय वुड नेव्हर’च्या स्वस्त वाक्याकडे परत पाठवत नाही. तो म्हणतोय की शपथेतलं वजन तुमच्या साध्या ‘होय’मध्ये यायला हवं. गळ्याला हात न लावताही गळा मध्ये असायला हवा.

आणि हे सांगणाऱ्याने आधी काय केलंय ते बघा. हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. क्रियापदच ते आहे, ‘कारत’. उत्पत्ती 15 मध्ये जनावरांचे दोन भाग समोरासमोर ठेवलेत. अशा तुकड्यांमधून चालत जाण्याचा अर्थ यिर्मया 34:18–20 मध्ये उघड होतो: मी करार मोडला तर माझं या जनावरासारखं होवो. शब्दांशिवाय घेतलेली तीच शपथ. नेहमी त्यातून माणसांनी जायचं. पण अब्राम त्या रात्री गाढ झोपेत आहे, आणि तुकड्यांमधून धुराची भट्टी आणि पेटती मशाल जाते. म्हणजे ‘जर’चा दुसरा भाग, तो न बोललेला, भयानक भाग, देव स्वतःवर घेतो. इब्री 6:13 म्हणतं की शपथ घ्यायला त्याच्याहून मोठा कोणी नव्हता, म्हणून त्याने स्वतःचीच शपथ घेतली.

करार आपण मोडला. ‘असं आणि त्याहून जास्त’ कोणाच्या अंगावर आलं, हे वधस्तंभाकडे बघून कळतं.

कोडमध्ये ‘इफ’ लिहून आतला भाग रिकामा सोडला तर ते निष्काळजीपणाचं लक्षण. बायबलातल्या शपथेत तो भाग रिकामा दिसतो, पण तो रिकामा नाही, देवाच्या हाती दिलेला आहे. रूथ ‘असं’ म्हणजे काय ते सांगत नाही, कारण ते ठरवणं तिच्याकडे नाहीच.

या आठवड्यासाठी

1. ज्याला आपण ‘तुला कधी दुखावणार नाही’ असं म्हटलंय असं एक नाव घ्या. त्या वाक्यातली गिळलेली अट कागदावर लिहा. कुठल्या परिस्थितीत मी ते मोडू शकतो? नेमकी लिहा.

2. ‘मी तर हात लावला नाही’ असं ज्या ठिकाणी आपण म्हणतो, तिथे एखादी बुजलेली विहीर आहे का? असेल तर ती उकरायला या आठवड्यात एक फावडं माती काढा. एक फोन, एक मेल, एक नाव परत यादीत.

3. ज्याने आपली विहीर बुजवली त्याच्याशी इसहाकासारखं आधी स्पष्ट बोलता येईल का? जेवण त्यानंतर. दोन्हींचा क्रम उलटा करू नका.

4. आईला किंवा आजीला विचारा, तुमच्या गावात ‘तर शपथ’ कशाकशाला म्हणतात. मग तोच ‘तर’ मनात ठेवून रूथ 1:16–17 मोठ्याने वाचा.

प्रार्थना

हे परमेश्वरा, आमची वचनं हलकी झाली आहेत. आम्ही निकाल सांगतो आणि अट लपवतो. ज्यांचं पाणी आम्ही हात न लावता अडवलं, त्यांची नावं आम्हांला आठवू दे. ज्यांनी आमचं अडवलं, त्यांच्याशी खरं बोलायचं धैर्य आणि मग त्यांना जेवू घालायचं मन दे. तू तुझ्या वचनाची किंमत स्वतः भरलीस. आमचं ‘होय’ तुझ्या त्या ‘होय’च्या आधाराने उभं राहू दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

उद्याचा पाठ: उत्पत्ती 27:1–29. याच इसहाकाच्या घरात, आंधळ्या बापापुढे उभा राहून पोटचा मुलगा आपलं नाव खोटं सांगतो. वाचून या.